टीबीचा जंतू आणि टी पेशींचा वेढा



गेल्या काही भागांपासून आपण शरीराच्या संरक्षणव्यवस्थेबद्दल बोलतो आहोत. आजचा विषय आहे टीबी, म्हणजे क्षयरोग, आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या टी पेशी. आधीच एक गोष्ट सांगून टाकते. टीबीमधला ‘टी’ आणि टी पेशींमधला ‘टी’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिला ट्यूबरक्युलोसिसचा, दुसरा थायमस नावाच्या ग्रंथीचा. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे असते आणि टी पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. टीबीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. वर्गात येतो, लग्नकार्यात येतो, फोनवरही येतो. “प्रतिकारशक्ती कमी झाली की टीबी होतो ना? मग ती वाढवायला काय घ्यायचं?” यातलं पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे. दुसरं मात्र फसवं आहे. का ते समजायला टी पेशी टीबीच्या जंतूशी नेमकं काय करतात ते बघावं लागेल. आज तेवढंच करूया.

आधी थोडे आकडे

जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात टीबीच्या जंतूने कधी ना कधी प्रवेश केलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. म्हणजे दहातल्या नऊ जणांना कळतही नाही की असा पाहुणा येऊन गेला, किंवा अजून मुक्काम करून आहे. तरीही जगात दर वर्षी टीबी होणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या भारतातला असतो.

तर प्रश्न असा, की नऊ जणांच्या शरीरात काय घडतं आणि दहाव्याच्या शरीरात काय बिनसतं?

जंतू लपतो कुठे?

टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा अगदी बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. त्यातला एखादा श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाच्या हवेच्या फुग्यापर्यंत पोचतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्यावर असतात. मराठीत त्यांना भक्षक पेशी म्हणूया. बाहेरचं काही आत आलं की गिळायचं आणि पोटात जिरवायचं, हे त्यांचं काम. जंतू गिळला की तो एका पिशवीत जातो. ती पिशवी पाचक रसांच्या पिशवीला जोडली जाते, आणि जंतूचा निकाल लागतो.

टीबीचा जंतू इथेच डाव टाकतो. तो गिळला जातो, पण त्या दोन पिशव्या जोडूच देत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवचही असतं. मग ज्या पेशीने त्याला मारायचं, तिच्याच पोटात तो घर करतो आणि वाढतो. वाढतो सावकाश. आतड्यातला ई. कोलाय जंतू सोयीच्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ २० तास लागतात. पण याला घाई नसते.

आपण मागे प्रतिपिंडांबद्दल, म्हणजे अँटिबॉडींबद्दल बोललो होतो. त्या रक्तात आणि शरीरातल्या द्रवांत फिरतात, मोकळ्या सापडलेल्या जंतूला चिकटतात. पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत त्यांचा हात सहसा पोचत नाही. घराची कडी आतून लावून बसलेल्याला बाहेरून कसं पकडणार? त्यासाठी कुठल्या घरात तो बसला आहे हे ओळखणारं आणि त्या घरालाच हुकूम देणारं कोणीतरी हवं. ते काम टी पेशींचं.

टी पेशींना निरोप कसा मिळतो?

प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर ओळख पटवणारा एक भाग असतो, त्याला ग्राहक म्हणतात. एका पेशीचा ग्राहक साधारण एकाच आकाराला बसतो, कुलूप आणि किल्लीसारखा. शरीरात अशा असंख्य निरनिराळ्या टी पेशी फिरत असतात. टीबीच्या जंतूचा एखादा तुकडा ओळखणाऱ्या त्यात अगदी मोजक्या. त्या मोजक्यांपर्यंत बातमी पोचायला हवी.

ही बातमी डेंड्रायटिक पेशी नेतात. फुप्फुसातून जंतू किंवा जंतूचे तुकडे उचलून त्या जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. गळ्याला, काखेत गाठी येतात म्हणतो ना आपण, तशाच ग्रंथी छातीतही असतात. तिथे त्या हे तुकडे आपल्या अंगावर मांडून बसतात, बाजारात माल मांडावा तसे. येणारी-जाणारी प्रत्येक टी पेशी बघून जाते. जिची किल्ली बसली ती थांबते, आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा हजारो होतात. मग ही फौज रक्तातून फुप्फुसाकडे निघते.

इथे टीबीत एक मोठी अडचण येते. ही सगळी यंत्रणा उशिरा हलते. फ्लूच्या विषाणूविरुद्ध टी पेशी साधारण आठवडाभरात कामाला लागतात. टीबीच्या बाबतीत, उंदरांवरच्या प्रयोगांत, जंतू लसिका ग्रंथीपर्यंत पोचायलाच आठवड्याहून जास्त वेळ जातो, आणि फुप्फुसात टी पेशी जमायला दोन ते तीन आठवडे लागतात. माणसात टी पेशींची खूण चाचणीत दिसायला संसर्गानंतर २ ते ८ आठवडे जातात. एवढ्या वेळात जंतूने आपलं बस्तान बसवलेलं असतं. फौज पोचते तेव्हा चोर दारात नसतो, घरात असतो.

हुकूम काय देतात?

टी पेशींचे दोन मुख्य प्रकार. पहिल्या सीडी४, यांना मदतनीस म्हणतात. दुसऱ्या सीडी८, या मारेकरी. टीबीत मोठा भार सीडी४वर असतो. जंतू पोटात घेऊन बसलेली भक्षक पेशी सापडली की सीडी४ पेशी तिच्याजवळ जाऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते. हा हुकूम मिळाला की भक्षक पेशी जागी होते. पिशव्या जोडल्या जातात, आतलं वातावरण आंबट होतं, जंतूला विषारी ठरणारी रसायनं तयार होतात. टीएनएफ नावाचं दुसरं रसायन या सगळ्या पेशींना एकत्र बांधून ठेवतं. सीडी८ पेशी थेट बाधित पेशीला भोकं पाडून तिला आणि आतल्या जंतूला मारू शकतात.

हे सगळं खरंच एवढं महत्त्वाचं आहे हे कशावरून? तीन पुरावे सांगते.

पहिला पुरावा एचआयव्हीचा. हा विषाणू नेमक्या सीडी४ पेशी संपवतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीला टीबी होण्याची जोखीम इतरांच्या दहापटीहून जास्त असते.

दुसरा पुरावा संधिवाताच्या औषधांचा. टीएनएफला अडवणारी औषधं आली आणि सांधेदुखीने हैराण झालेल्या लोकांना मोठा आराम मिळाला. पण २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी यातल्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या अनेकांच्या शरीरात जंतू आधीपासून गप्प पडून असणार; औषधाने बंधन सुटलं आणि तो बाहेर आला. म्हणूनच आता असं औषध सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी करतात. तुमच्या घरात कोणी असं औषध घेत असेल, तर ही तपासणी का सांगितली याचं उत्तर हे आहे.

तिसरा पुरावा काही अगदी थोड्या मुलांचा. त्यांच्यात जन्मतःच इंटरफेरॉन गॅमाचा हुकूम ऐकू न येण्याचा दोष असतो. १९९६ मध्ये तो पहिल्यांदा नीट ओळखला गेला. अशा मुलाला बीसीजीच्या लशीतला दुबळा जंतूही गंभीर आजारी पाडू शकतो.

तेव्हा टी पेशी नसतील तर टीबी आवरत नाही, हे पक्कं. प्रश्नातलं पहिलं वाक्य बरोबर होतं ते यामुळे.

वेढा पडतो, किल्ला पडत नाही

फुप्फुसात टी पेशी पोचल्या की जंतू असलेल्या भक्षक पेशींच्या भोवती एक गाठ तयार होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मधे बाधित पेशी, भोवती आणखी भक्षक पेशी, आणि बाहेरच्या कड्यात टी पेशी. वेढाच म्हणा ना. पण आपल्याला जंजिऱ्याची गोष्ट ठाऊक आहे. वेढे पडले, किल्ला पडला नाही. टीबीच्या गाठीतही पुष्कळदा तसंच होतं. रसद तुटल्यामुळे जंतूची वाढ थांबते, पण सगळे जंतू मरतीलच असं नाही. काही नुसते मंद होऊन पडून राहतात, कधीकधी कित्येक वर्षं. यालाच सुप्त टीबी म्हणतात. या अवस्थेत माणूस आजारी नसतो आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही.

माकडांवरच्या अभ्यासांत एक आश्चर्याची गोष्ट दिसली. एकाच प्राण्याच्या फुप्फुसात एका गाठीतले सगळे जंतू मेलेले असतात आणि शेजारच्या गाठीत ते वाढत असतात. टी पेशी त्याच, शरीर तेच. म्हणजे ही लढाई प्रत्येक गाठीत वेगळी लढली जाते. “माझी प्रतिकारशक्ती किती?” या प्रश्नाला एक आकडा नसतो, तो यामुळे.

आता मॉन्टू चाचणीबद्दल. हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचतात, ४८ ते ७२ तासांनी बघतात, आणि लाली न मोजता फुगवटा मोजतात. तो फुगवटा कशाचा? तुमच्या टी पेशींचा. जंतूची ओळख असलेल्या पेशी तिथे जमतात, त्यांना जमायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून थांबायचं. तेव्हा ही चाचणी सांगते एवढंच, की या शरीराच्या टी पेशींनी हा जंतू किंवा त्याचा भाऊबंद कधीतरी पाहिलेला आहे. आज आजार आहे की नाही हे ती सांगत नाही. बीसीजीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि उलट, खूप कुपोषित माणसाच्या किंवा एचआयव्हीबाधिताच्या टी पेशी थकलेल्या असतील, तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न या फुगवट्यावरून मोडायला निघालं होतं. एक्स-रे साफ, खोकला नाही, ताप नाही, वजन उत्तम. फक्त चाचणी पॉझिटिव्ह. भारतात कोट्यवधी निरोगी माणसांची ही चाचणी पॉझिटिव्ह येईल. आजाराचं निदान थुंकीची तपासणी, एक्स-रे आणि लक्षणं यांवरून होतं. हे तेवढं घराघरांत सांगा.

आता नाण्याची दुसरी बाजू

इथपर्यंत ऐकून वाटेल, की टी पेशी जितक्या जास्त आणि जितक्या चिडलेल्या, तितकं चांगलं. इथेच थांबून बघायला हवं.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो. या कॉख यांनीच १८९०मध्ये टीबीवर एक उपाय जाहीर केला. जंतूपासून काढलेला अर्क, म्हणजे आपलं ट्यूबरक्युलिन. जगभरातून रुग्ण बर्लिनकडे धावले. पण टोचल्यावर अनेकांना जोराचा ताप आला, आजारी भाग सुजला, काही जण दगावले. तेव्हा टी पेशी कोणाला ठाऊकच नव्हत्या. आज आपण म्हणू शकतो, की त्या इंजेक्शनाने आधीच पेटलेल्या भागात शरीराची प्रतिक्रिया आणखी भडकली. प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ हा प्रयोग माणसांवर होऊन गेलेला आहे.

दुसरं उदाहरण अलीकडचं. टी पेशींना आवर घालणारा पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. हा ब्रेक नसलेल्या उंदरांना टीबीची लागण केली, तर त्यांच्या टी पेशी भरपूर इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि तरीही ते उंदीर साध्या उंदरांपेक्षा लवकर मरतात. कर्करोगावर हा ब्रेक सोडवणारी औषधं देतात. त्यानंतर काही रुग्णांमध्ये टीबी उफाळल्याच्या नोंदी आहेत. आणि मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर डॉक्टर टीबीच्या औषधांबरोबर स्टेरॉइड देतात, म्हणजे शरीराची प्रतिक्रिया मुद्दाम थोडी दाबतात. कारण तिथे सूजच जिवावर उठते.

फुप्फुसातही तसंच. गाठीच्या मधला भाग मरतो, दह्याच्या चोथ्यासारखा होतो, मग पातळ होऊन श्वासनळीत फुटतो आणि तिथे पोकळी राहते. त्या पोकळीत जंतूंना भरपूर हवा मिळते, ते बेसुमार वाढतात आणि खोकल्यातून बाहेर पडतात. ही पोकळी एकटा जंतू पाडत नाही, त्यात शरीराच्या प्रतिक्रियेचा मोठा हात असतो. कशावरून? ज्या एचआयव्हीबाधितांच्या सीडी४ पेशी फार कमी झालेल्या असतात, त्यांना टीबी झाला तर असे खड्डे कमी दिसतात. त्यांच्या थुंकीतही जंतू तुलनेने कमी सापडतात. टीबी मात्र त्यांच्या शरीरभर पसरतो.

आता या सगळ्याला जोडणारी गोष्ट. बहुतेक जंतू आपला चेहरा बदलतात, म्हणजे टी पेशी आणि प्रतिपिंड जे तुकडे ओळखतात ते बदलत राहतात. फ्लूचं आपण पाहिलंच. २०१० मध्ये संशोधकांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांतले टीबीचे २१ वाण घेतले आणि टी पेशी ओळखतात असे ४९१ तुकडे तपासले. बहुतेक तुकडे सगळ्या वाणांत जसेच्या तसे निघाले. जणू जंतूला ओळखलं जायचं आहे! याचा एक अर्थ संशोधक असा लावतात, की टी पेशींची प्रतिक्रिया जंतूच्याही उपयोगाची आहे. फुप्फुस बिघडलं तरच खोकला येणार, आणि खोकला आला तरच तो पुढच्या माणसापर्यंत पोचणार.

म्हणजे एकच फौज नऊ जणांना वाचवते, आणि दहाव्याच्या फुप्फुसात नासधूस करून जंतूला बाहेरची वाट देते. फरक नुसत्या ताकदीचा नाही, तोल सांभाळण्याचा आहे.

लस का अवघड आहे?

फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेरां यांनी गाईगुरांच्या टीबीचा जंतू १३ वर्षांत २३० वेळा नव्याने वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये बीसीजीची लस प्रथम माणसाला दिली. लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगली वाचवते, म्हणून बाळाला ती द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून मात्र तिचा भरवसा देता येत नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टू इथे १९६८ मध्ये सुरू झालेली, अडीच लाखांहून अधिक लोकांची चाचणी यासाठी प्रसिद्ध आहे. १५ वर्षं लक्ष ठेवूनही मोठ्यांमध्ये फायदा दिसला नाही.

पुढे एमव्हीए८५ए ही लस आली. तिने टीबी ओळखणाऱ्या सीडी४ पेशी तयार केल्या. पण दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवरच्या चाचणीत, जिचे निकाल २०१३ मध्ये आले, जास्तीचं संरक्षण काही मिळालं नाही. नुसत्या टी पेशी मोजून भागत नाही, हा धडा मिळाला. एम७२ नावाच्या लशीने केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियात आधीच संसर्ग झालेल्या मोठ्या माणसांमधला आजार तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आणला. तिची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

मग आपण करायचं काय?

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून मिळणारी गोळी, पावडर, काढा यांपैकी कशानेही टी पेशींचा हा तोल नेमका साधतो, असा पुरावा नाही. पण तोल बिघडवणाऱ्या गोष्टी आपल्याला नीट माहीत आहेत, आणि त्या दुरुस्त करता येतात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अन्न. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ दरम्यान ‘रेशन्स’ नावाची चाचणी झाली. टीबीच्या २,८०० रुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांवर माणसांचा त्यात समावेश होता. सगळ्या रुग्णांना पोषण दिलं, पण निम्म्या घरांत कुटुंबातल्या इतरांनाही जादा शिधा दिला: तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वं. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा, थुंकीत जंतू सापडणारा टीबी ४८ टक्क्यांनी. टी पेशी तयार व्हायला आणि हजारपट वाढायला शेवटी प्रथिनं आणि ऊर्जाच लागते. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये मिळतात. ते मागून घ्या, आणि अन्नावरच खर्च करा.

दुसरी गोष्ट म्हणजे मधुमेह. साखर ताब्यात नसेल तर टीबीची जोखीम दोन-तीन पटींनी वाढते. तंबाखूचा धूर आणि दारू, दोन्ही त्याच बाजूचे. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साठते, तिने भक्षक पेशीच निकामी होतात. स्टेरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून खाऊ नका.

तिसरी, घरात कोणाला टीबी झाला असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्या. आजार नसेल तर प्रतिबंधक औषध मिळतं. डॉक्टर ठरवतील त्याप्रमाणे काही महिन्यांचं. वेढ्यात पडून राहिलेले जंतू मारायला टी पेशींना केलेली ही मदत आहे.

आणि चौथी, औषध मधेच सोडू नका. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत ताप जातो, वजन वाढतं, माणूस म्हणतो, बरा झालो. वाढणारे जंतू तोवर मेलेले असतात. मंद होऊन पडलेले शिल्लक असतात, आणि उरलेले चार महिने त्यांच्यासाठीच आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. तपासणी आणि औषधं फुकट आहेत, तुम्ही देशाच्या कुठल्याही राज्यात राहत असलात तरी.

पुढच्या भागात सीडी४ पेशींवरच घाला घालणाऱ्या एचआयव्हीबद्दल सविस्तर बोलू. तोवर नमस्कार.